गादीची खुर्ची

डिसेंबर लागला की आमच्या यवतला दोन गोष्टी एकदम सुरू होतात. राहू गावाच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याला गुऱ्हाळाचा वास येऊ लागतो, आणि एसटी थांब्यासमोर तो फलक चढतो. फलकावर आमचे पुढारी आप्पासाहेब हात जोडून उभे. त्यांच्या आजूबाजूला त्यांचे चिरंजीव, चिरंजीवांचे मित्र आणि मित्रांचे मित्र, सगळे काळे चष्मे लावून. खाली ठळक अक्षरांत ‘भव्य साहित्य वाटप’. आणि अगदी कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत, तीनचाकी सायकलवर बसलेला एक माणूस. हा माणूस कोण, असं मी फलकवाल्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, “काय म्हाईत. कंप्युटरमधी व्हता.”

यंदाही फलक लागला आहे. शब्द तेवढा बदलला. माझ्या लहानपणी आम्ही पांगळे होतो, मग अपंग झालो, मधे काही दिवस विकलांग, आणि आता दिव्यांग. दर बढतीला हार थोडा जाड होत गेला, बाकी काही नाही. बसची वाट बघत मी तो फलक वाचते, नाकात उकळत्या रसाचा वास शिरत असतो, आणि दरवर्षी मला तोच एक हिवाळा आठवतो. शिरूरचा, शकिलाचा, आणि त्या गादीच्या खुर्चीचा.

पण हा हंगाम काय असतो ते आधी सांगायला हवं. कॅलेंडरात अपंग दिन डिसेंबरच्या सुरुवातीला येतो. आमच्याकडे तो आप्पासाहेबांना सवड मिळेल तेव्हा येतो, म्हणजे डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत कधीही. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की त्यांच्या मागोमाग पुण्याहून क्लबांच्या गाड्या येतात. मंडप पडतो, माइक ‘हॅलो हॅलो’ करू लागतो, आणि वर्षभर ज्यांची कुणी चौकशी केली नाही अशा माणसांना घरातून उचलून, धुऊनपुसून, मंडपात आणून बसवलं जातं. पाहुणे उशिरा येतात. तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं. लघवीला कुठे जायचं हे कुणी ठरवलेलं नसतं, कारण व्यासपीठाला पायऱ्या आहेत की नाहीत हेही कुणी पाहिलेलं नसतं. मग चार कार्यकर्ते लाभार्थ्याला बोचक्यासारखं उचलून वर नेतात आणि लोक टाळ्या वाजवतात.

मी या हंगामातच वाढले. माझा डावा पाय पोलिओचा, मांडीपासून घोट्यापर्यंत लोखंडी कॅलिपर. शाळेत असताना मला एका क्लबाने शिलाई मशीन दिलं. कॉलेजात गेल्यावर दुसऱ्याने दिलं. बी.ए. झाले तेव्हा तिसरं आलं. मला शिवणकामाची काडीचीही आवड नाही, आणि पायाने मशीन चालवायचं असतं, माझा पाय तर हा असा. हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. तिसऱ्या मशीनवर आई लोणच्याच्या बरण्या ठेवायची. पाहुणे येणार असले की बरण्या उतरवून मशीन पुसून ठेवायची, न जाणो फोटो काढायला कोणी आलं तर.

तीनचाकी सायकलींचं तर तंत्रच होतं. सायकली मोजक्या आणि फोटो भरपूर हवे असत. म्हणून एकाला बसवायचं, किल्ली हातात द्यायची, फोटो काढायचा, मागच्या बाजूने उतरवायचं, आणि त्याच सायकलवर पुढचा. एका वर्षी राहूचे किसनमामा असेच बसून उतरले. मामांचे दोन्ही पाय धडधाकट. लहानपणी देवीत डोळे गेलेले. मी विचारलं, “मामा, तुम्हाला दिसत नाही, तुम्ही सायकल कशाला घेतली?”

“घेतली कुठं?” मामा म्हणाले. “बसा म्हणलं, बसलो. उतरा म्हणलं, उतरलो. ज्येवण चांगलं व्हतं.”

हे मी हसून सांगते, लोकही हसतात. पण त्या दिवशी मामांच्या गळ्यातला झेंडूचा हार उतरवून तो पुढच्याच्या गळ्यात घालताना मी पाहिला होता. अजूनही झेंडूचा वास मला सोसत नाही.

शिक्षण झाल्यावर मला शिरूरला एका संस्थेत नोकरी लागली. यवतहून चौफुला, चौफुल्याहून न्हावऱ्यावरून शिरूर, असा रोजचा प्रवास. थंडीत पारगावच्या पुलावर भीमेचं धुकं खिडकीतून आत यायचं. पुढे-मागे उसाच्या ट्रॉल्या, त्यांतून गळून रस्त्यावर चिरडलेली कांडी, आणि त्या कांड्यांचा आंबूस गोड वास. बसमध्ये ‘अपंगांसाठी राखीव’ अशी पाटी असलेल्या सीटवर बहुतेक वेळा एखादे पैलवान झोपलेले असत. कंडक्टर त्यांना हलवून म्हणायचा, “पाव्हनं, उठा, ताईला बसू द्या, त्यांना पाय न्हाई.” मला पाय होता. दोन होते. पण रोज सकाळी कंडक्टरशी वाद घालायला माणसाने तरी किती उत्साह आणायचा.

संस्थेत मेणबत्त्या, कागदी पिशव्या आणि फाइली बनत. फाइली वाकड्या होत, मेणबत्त्या त्याहून वाकड्या. तरी दिवाळीला सगळा माल खपायचा. ती वाकडी मेणबत्ती विकत घेणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर एक ओलसर भाव यायचा, तो बघितला की माझं डोकं उठायचं. मेणबत्ती वाकडी आहे हे तोंडावर सांगणारं गिऱ्हाईक तेवढ्या वर्षांत एकही आलं नाही. आणि वाकडी आहे असं कुणी सांगितलं नाही, म्हणून ती कधी सरळही झाली नाही. बनवणारे बिचारे समजत, छान जमतंय.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. रांजणगावच्या माळावर एमआयडीसी उभी राहत होती, जिथे मेंढरं चरायची तिथे पत्र्याच्या निळ्या शेडी आल्या होत्या. मी संस्थेला म्हटलं, मेणबत्त्या पुरे. आपल्या माणसांना तिथे चारचौघांसारखी नोकरी मिळवून देऊ. चारचौघांच्या लाईनवर, चारचौघांच्या पगारात. संस्थेने मान हलवली, आणि मी कारखान्यांच्या दारांवर हिंडू लागले.

दारांवर जी उत्तरं मिळाली त्यांचं संमेलन भरवता येईल. एक साहेब म्हणाले, “मॅडम, नोकरी अवघड आहे, पण देणगी हवी तेवढी मागा.” दुसऱ्यांना माझ्या पायाकडे बघून गहिवरून आलं आणि त्यांनी चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त मागवली. तिसरे म्हणाले, “त्यांना काही झालं तर?” मी विचारलं, धडधाकट माणसाला काही झालं तर काय करता? ते म्हणाले, “तसं नाही हो, मला यांचं फार वाटतं.” ज्याला ज्याला आमचं फार वाटायचं, तो तो मला दारापर्यंत सोडायला यायचा. काम देऊन मोकळं होण्यापेक्षा ते सोपं असावं.

शकिला मला भेटली ती त्याच सुमारास. मांडवगण फराटा गावची मुलगी. वडील आठवडी बाजारात बांगड्या विकायचे; गावात त्यांचं घर तीन-चार पिढ्यांपासूनचं. शकिलाचा उजवा पाय पोलिओने गेलेला, काखेत लाकडी कुबडी. दहावी झालेली, जिभेला धार, आणि हातात कायम डझनभर हिरव्या बांगड्या. तिला गावाने काय देऊ केलं होतं? पिवळा एसटीडी बूथ. त्या काळात अपंग म्हटलं की बूथ, हे समीकरण इतकं पक्कं होतं की मूल पांगळं जन्मलं तर लोक आधी टेलिफोनची तार कुठून येईल ते बघत. आप्पासाहेबांनी तिच्या नावाचा बूथ मंजूर करून आणला होता आणि येत्या कार्यक्रमात व्यासपीठावरून तो द्यायचं जाहीरही केलं होतं.

“मला न्हाई बसायचं त्या डब्यात,” शकिला पहिल्याच भेटीत म्हणाली. “दिसभर लोकांच्या भानगडी ऐकत बसायचं, आन् गाव म्हणणार, बघा, पोरगी मार्गी लागली. ताई, मला बसून कराया यील असं काम बघा. पन चार बायांत बसून.”

रांजणगावच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायचं काम होतं. मोठ्या तिरप्या फळीवर वायरी मांडायच्या, टोकाला पितळी क्लिप बसवून हाताच्या पकडीने दाबायची, टेप गुंडाळायची. लाईनवर बहुतेक बायकाच. तिथल्या मनुष्यबळ खात्याच्या साहेबांना मी गाठलं. साहेब पुण्याचे, बोलायला मऊ, केसांना तेल. त्यांनी शकिलाला ट्रेनी म्हणून घेतलं. संक्रांतीच्या आसपास ट्रेनिंग संपणार. काम पसंत पडलं तर पर्मनंट, नाहीतर परत मांडवगण आणि पिवळा डबा. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, बूथवर नाव रंगवणाऱ्या पेंटरलाही माहीत होतं. शकिला शिरूरला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहायला आली. सकाळी कंपनीची बस घोडनदीच्या पुलापाशी यायची, तिथे ती अर्धा तास आधी जाऊन उभी राहायची.

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी तिचं स्वागत केलं. बाकीच्या बायका फळीसमोर उभ्या राहून काम करत. शकिलाला फार वेळ उभं राहता येत नसे. म्हणून साहेबांनी स्वतःच्या केबिनमधली पाहुण्यांची खुर्ची आणवली. गादीची, चाकं असलेली, गोल फिरणारी, मरून रंगाची. ती लाईनवर ढकलत आणली गेली, शकिलाला तिच्यात बसवलं, फोटो निघाला, आणि कंपनीच्या भिंतीवर तो लागला. मीही पाहिला. फोटोत साहेबांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता आणि शकिलाचं डोकं फळीच्या खालच्या कडेच्या जरासं वर दिसत होतं.

महिनाभर मी अधूनमधून जात राहिले. जाईन तेव्हा सगळे खूश. “फार गोड मुलगी आहे, मॅडम,” साहेब म्हणायचे. “आम्ही तिला टार्गेटसुद्धा लावलेलं नाही. ती आमच्या कुटुंबातलीच आहे.” कुटुंब म्हटलं की मला धडकीच भरते. कुटुंबातल्या माणसाला पगारवाढ नसते. शकिलाही खूश होती. “ताई, मला अजून कुनी यका शब्दानं बोललं न्हाई,” ती सांगायची. “बाकीच्यांना गायकवाड साहेब लई वरडतात. मला न्हाई.”

गायकवाड म्हणजे लाईनचा सुपरवायझर. जवळच्याच खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा, गालात तंबाखूची गोळी, तोंडात शिवी. सबंध शेडमध्ये तो एकच इसम असा होता, जो शकिलाबद्दल माझ्याशी काहीच चांगलं बोलत नव्हता. वाईटही बोलत नव्हता. मला बघितलं की दुसरीकडे चालू लागायचा.

मग डिसेंबरात एकदा मी चहाच्या सुट्टीत पोचले. लाईन रिकामी, सगळ्या कॅन्टीनला गेलेल्या. फक्त सुनीता नावाची एक बाई शकिलाच्या जागेपाशी उभी. शकिलाने केलेल्या जोडण्या ती एकेक करून कापत होती आणि नव्याने दाबत होती, भराभर, कोणी यायच्या आत.

मी विचारलं, “हे काय करतेस?”

ती दचकली, मग हसली. “काय न्हाई वं ताई. तिच्या क्लिपा सैल बसत्यात. वढलं की निघत्यात. मंग आमी आळीपाळीनं करून ठिवतो. बिचारी हाय. तेवढंच पुण्य.”

“आणि तिला सांगितलंत?”

“तिला कसं सांगायचं? वाईट वाटंल की.”

मी गायकवाडला हुडकून काढलं. तो शेडच्या मागे तंबाखू मळत होता. मला टाळायला जागा नव्हती, म्हणून बोलला. “हे बघा मॅडम, माल खराब आला की लाल क्रेटमधी टाकायचा आन् ज्याचा त्याला दाखवायचा, ही आमची पद्धत. पन साहेबांनी सांगितलंय, तिचा माल लाल क्रेटमधी दिसाया नको, तिला कुनी बोलायचं न्हाई. मंग मी काय करू? तसंबी संक्रांतीला जानारच हाय ती. साहेबांचं ठरलंय. सत्कार करून, साडी दिऊन पाठवायचं.”

त्या शेडच्या मागे उभी असताना मला जो राग आला तो आजही तसाच्या तसा आठवतो. थंडीचे दिवस, कुठूनतरी कोणीतरी पाचट पेटवलेल्याचा धूर येत होता, आणि माझे कान तापले होते. एका मुलीचं काम बिघडतंय हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं, तिला सोडून. सगळे मिळून तिच्याशी इतके चांगले वागले होते की तिला शिकायची सोयच ठेवली नव्हती. आणि निरोपाची साडी आधीच पसंत करून झाली होती. यांना मी लबाड म्हणत नाही. लबाड माणसाशी भांडता तरी येतं. हे पाघळलेले लोक, यांना धरायचं म्हटलं तर हाताला फक्त ओशट लागतं.

संध्याकाळी शिरूर स्टँडवर शकिलाला सगळं सांगितलं. गाजराच्या हातगाडीपाशी आम्ही उभ्या होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं. कुबडीच्या टोकाने जमिनीवर रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, “सुनीताबी?”

“सुनीताही.”

“मी तिला रोज डब्यातली चटनी देते,” शकिला म्हणाली. “ताई, माझ्या म्हागं माझ्या हातचं तोडून टाकतात रोज, आन् माझ्याम्होरं गोड बोलतात. यापरीस मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.” मग ती कुबडी टेकत खालाच्या घराकडे चालू लागली. मला वाटलं, आता ही उद्या जात नाही.

ती गेली. तिथे काय झालं ते मला नंतर सुनीतानेच सांगितलं. शकिला लाईनवर आली, खुर्चीत बसली नाही, कुबडीवर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं गायकवाडला म्हणाली, “माझा माल लाल क्रेटमधी टाका. आन् चहाच्या सुट्टीत माझ्या जाग्यावर कुनी आलं तर मी त्याच्या डोक्यात कुबडी घालीन.” सुनीताचा चहा त्या दिवशी गार झाला.

गायकवाड बहुधा याचीच वाट बघत असावा. पहिल्याच दिवशी शकिलाचा सगळा माल लाल क्रेटमध्ये गेला. मनात साठवून ठेवलेलं सगळं त्याने तिच्यावर काढलं. “डोळं गहान ठिवलं का? ही क्लिप हाय का गजरा? ल्हान पोर बी वढून काढील ही.” शकिला बाथरूममध्ये जाऊन रडली, तोंड धुऊन आली, पुन्हा बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. साहेबांच्या कानावर गेलं, ते धावत आले, म्हणाले, “गायकवाड, जरा सबुरीने.” शकिला म्हणाली, “साहेब, तुमी जावा, आमचं काम चाललंय.”

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गायकवाड ओरडता ओरडता मधेच थांबला. तिच्या हाताकडे बघत राहिला. माणूस ओरडतो तेव्हा निदान बघतो तरी. गोड बोलणारे साहेब महिनाभर तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. गायकवाडने तिला पुन्हा एक क्लिप दाबायला लावली. फळी उभ्या बायकांच्या मापाची. खुर्ची बुटकी. शकिलाचे हात खांद्याच्या वर जात होते आणि पकड दाबताना जोरच लागत नव्हता. त्यात खुर्चीला चाकं, जरा जोर केला की ती मागे सरकायची.

“ही खुर्ची कुनी आनली?” गायकवाडने विचारलं. साहेबांनी, असं सगळ्या एका सुरात म्हणाल्या. दुपारी मेन्टेनन्सच्या वेल्डरला पकडून त्याने भंगारातल्या लोखंडाचं एक उंच स्टूल करून घेतलं. पाय टेकायला खाली आडवी पट्टी, मागे कुबडी अडकवायला एक हूक. त्यावर गादी नव्हती, आणि रंग अर्धवट लावलेला. मरून खुर्ची केबिनमध्ये परत गेली. साहेब दुखावले. भिंतीवरच्या फोटोचं काय करायचं, हा त्यांच्यापुढे मोठा प्रश्न होता.

क्लिपा एका रात्रीत सुधारल्या नाहीत. शकिला काही जादूगार नव्हती. आजही ती मला सांगते की तिचा हात लाईनवर मधल्या फळीतलाच. पण लाल क्रेट हळूहळू रिकामा होत गेला. एक दिवस तिच्यापेक्षा सुनीताचा माल जास्त परत आला, आणि शकिला दिवसभर तिला ‘बिचारी’ म्हणून चिडवत राहिली. संक्रांतीच्या आधी गायकवाडने साहेबांना सांगून टाकलं की ही बाई लाईनला लागते. साडी परत दुकानात गेली की साहेबांच्या घरी, मला माहीत नाही.

इकडे आप्पासाहेबांची पंचाईत झाली. बूथ मंजूर, पेंटरने नाव रंगवलेलं, आणि लाभार्थी पर्मनंट होऊन बसलेली. पण पुढारी माणूस अडून राहत नाही. बूथ दुसऱ्या कुणाला तरी गेला आणि शकिलासाठी नवीन सदर निघालं: ‘जिद्दीची कहाणी’. पुण्याहून मोठे पाहुणे येणार होते. तिने व्यासपीठावर यायचं, पाहुण्यांच्या हस्ते शाल घ्यायची, दोन शब्द बोलायचे. दोन शब्द कोणते तेही लिहून आले होते. तिला घेऊन यायची जबाबदारी माझ्यावर टाकली. मी म्हटलं, त्या दिवशी तिची कारखान्यात पाळी आहे. आप्पासाहेब म्हणाले, “मी बोलतो कंपनीशी.”

कार्यक्रमाच्या दिवशी मंडपात मी पहिल्या रांगेत होते. मागे कुठेतरी जेवणाची तयारी, गुळाच्या पाकात तीळ पडल्याचा वास. नेहमीच्या सायकली, नेहमीचे हार. किसनमामाही होते, या खेपेला त्यांना श्रवणयंत्र मिळालं. मग निवेदकाने गळा भरून आणून शकिलाचं नाव पुकारलं. कोणी उठलं नाही. त्याने पुन्हा पुकारलं, आणखी भरून आणून. पाहुणे शाल उघडून दोन्ही हातांनी धरून उभे होते, वाळत घातल्यासारखी. फोटोवाला गुडघ्यावर बसलेला.

आप्पासाहेबांनी मला शेजारच्या पतसंस्थेत नेलं आणि तिथल्या फोनवरून कंपनीला फोन लावायला सांगितलं. साहेब सुट्टीवर होते. फोन फिरत फिरत लाईनवर गेला. पलीकडे मशिनांचा गोंगाट, आणि त्यातून गायकवाडचा आवाज.

मी म्हटलं, “गायकवाड, शकिलाला दोन तास सोडता का? इथे सगळे तिची वाट बघतायत.”

“कशापायी?”

“सत्कार आहे तिचा.”

“आज न्हाई जमायचं,” गायकवाड म्हणाला. “गाडी भरायची हाय, माल जायचाय. एक बाई उठली तर लाईन थांबंल.” आणि त्याने फोन ठेवला.

मी रिसीव्हर जागेवर ठेवला. माझ्या आठवणीत, आमच्यापैकी कुणावाचून काही थांबेल असं कुणी म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्यासाठी गाड्या थांबायच्या, माणसं थांबायची, दया म्हणून. आप्पासाहेब दारात उभे होते. “काय म्हणतो?” मी सांगितलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते परत व्यासपीठावर गेले, पाहुण्यांच्या कानात काही बोलले, आणि उघडलेली शाल परत घडी घालणं बरं दिसणार नाही म्हणून त्यांनी ती पाहुण्यांच्याच खांद्यावर घातली. आधीची एक होतीच. दोन शाली पांघरून पाहुणे भर उन्हात बसले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. किसनमामांनीही वाजवल्या, मग मला विचारलं, “कुनाचं झालं?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शकिला स्टँडवर भेटली. काखेत कुबडी, बोटांना टेपचा चिकटा, आणि तोंड फुगलेलं. खालाने घरी तिळगूळ करून ठेवला होता, नवी साडी काढून ठेवली होती, मांडवगणहून अब्बा मुद्दाम मंडपात येऊन बसले होते. आणि हिला सुटी नाही.

“त्या गायकवाडला काय माणुसकी हाय का, ताई?” ती म्हणाली. “यवढं सगळ्यांदेखत बोलावलं, दोन तास सोडाया काय झालं व्हतं? पर्मनंट केलं म्हंजी काय ईकत घेतलं का मला? वर म्हणतो कसा, उद्या दहा मिंट लवकर ये.”

शेजारच्या ओट्यावर दुसऱ्या कंपनीच्या चार बायका बसल्या होत्या, त्याही आपापल्या सुपरवायझरला शिव्या देत होत्या. शकिला त्यांच्यात जाऊन बसली, कुबडी भिंतीला लावली, आणि गायकवाडच्या सात पिढ्यांचा उद्धार पहिल्यापासून पुन्हा सुरू केला.